भिंतीकडची बाजू

८ सप्टेंबर

आजपासून मी उपगव्हर्नरांची बायको. नववीच्या वर्गाला आम्ल आणि आम्लारी शिकवत होते, तेवढ्यात मुख्याध्यापिका दार उघडून आत आल्या आणि पोरांसमोर त्यांनी मला मिठी मारली. माझ्या प्रयोगशाळेची खिडकी कित्येक वर्षं धड लागत नाही. पोरं हिवाळ्यात टोप्या घालून बसतात आणि मी या बाईंना सांगून सांगून थकले. आज म्हणाल्या, "रिम्मा लव्होव्ना, खिडकीचं बघू हं, उद्याच माणूस पाठवते." माणूस दुपारीच आला.

व्हेन्या सोस्नोव्कात रस्त्यांचा साधा अभियंता होता, मग तालुक्याचा प्रमुख झाला, आणि आता सबंध रेचेन्स्क प्रांतातले रस्ते आणि पूल त्याच्या सहीनं होणार. अठ्ठावीस वर्षं झाली आमच्या लग्नाला. मूलबाळ झालं नाही. त्याची बढती हेच आमचं मूल, असं तो पाहुण्यांसमोर म्हणतो. मला ते वाक्य आवडत नाही, पण पाहुण्यांना आवडतं.

सासूबाईंना फोन केला. त्यांना कमी ऐकू येतं, म्हणून ओरडून सांगावं लागलं.

"रस्ते आता व्हेन्याच्या हातात का?" त्यांनी विचारलं.

"हो, आई. सगळ्या प्रांतातले."

"मग आधी आमच्या गावचा करायला सांग. पावाची गाडी चिखलात रुतते. गेल्या आठवड्यात आम्ही बायकांनी ढकलली."

अभिनंदन वगैरे काही नाही. क्लाव्दिया निकितिच्ना म्हणजे क्लाव्दिया निकितिच्ना.

२६ डिसेंबर

सोस्नोव्काचा रस्ता झाला. म्हणजे झाला असं म्हणायचं. आम्ही गेलो तेव्हा गुडघाभर बर्फ होता आणि त्या बर्फावर गरम डांबर ओतणं चाललं होतं. वाफेनं माणसं दिसत नव्हती. सासूबाई शाल गुंडाळून फाटकात उभ्या होत्या, हातात फावडं.

"अरे बाळा, आधी बर्फ तरी काढा," त्या कंत्राटदाराला म्हणाल्या.

"आजी, बर्फ काढायचे पैसे वेगळ्या खात्यात असतात," ग्लेब तिखोनोविच म्हणाला. गोल, घामट माणूस. त्याच्या कोटाला कायम तळलेल्या कांद्याचा वास. माझ्याकडे वळून खुलासा केला, "एकतीस तारखेच्या आत खर्च झाला नाही तर मॉस्को पैसे परत घेतं, रिम्मा लव्होव्ना. तुम्ही शिकलेल्या, तुम्हांला कळतं."

मला कळतं. ओल्यावर डांबर धरत नाही हे माझ्या नववीतल्या ढ पोरालाही कळतं. पण व्हेन्या फोटोसाठी टोपी काढून उभा होता, मी तोंड उघडलं नाही. सासूबाई फावडं घेऊन आत गेल्या आणि त्यांनी दार लावून घेतलं.

१९ फेब्रुवारी

घर पाहून आलो. नदीच्या काठावर, देवदारांत, दुमजली. ग्लेब तिखोनोविचनं किल्ली मखमली डबीत घालून दिली, जणू दागिनाच. घर माझ्या नावावर आहे.

गाडीत मी विचारलं, "व्हेन्या, ही लाच नाही का?"

"लाच म्हणजे मागून घेतलेली. मी कधी काही मागितलं? ही कृतज्ञता आहे."

वाद घालता आला असता. पण घराच्या फरशीखालून गरम पाण्याच्या नळ्या आहेत. मी बूट काढून अनवाणी उभी राहिले आणि आयुष्यात पहिल्यांदा फेब्रुवारीत माझे पाय गरम होते. तळं राखील तो पाणी चाखील, जग काही आज सुरू झालेलं नाही. निदान माझा नवरा तळं राखतो तरी.

२३ मार्च

आज तो मला 'रिमोच्का' म्हणाला. ही हाक आली की ओळखावं, काहीतरी हवंय.

सरकारी माणसाला दर वसंतात मालमत्तेचं विवरण द्यावं लागतं. स्वतःचं आणि बायकोचंही. बायकोचा पगार शाळेचा आणि नावावर नदीकाठची दुमजली हवेली, हे दिसायला वाईट. त्यात गव्हर्नर म्हातारे झालेत, पुढचं नाव व्हेन्याचं घेतलं जातंय.

"तर मग?" मी म्हटलं.

"तर मग कागदावर घटस्फोट. फक्त कागदावर. सगळे करतात. आरोग्यवाल्यानं केला, वनखात्याच्यानं तर दोनदा केला. घटस्फोटित बायकोची मालमत्ता कोणी विचारत नाही."

मी भांडी घासत राहिले. तो मागून आला, ओल्या हातांसकट मला धरलं. "गव्हर्नर झालो की एका महिन्यात परत लग्न लावू. सोस्नोव्कात, आईसमोर. शपथ."

मला त्या घरात राहायचंय, खोटं का बोलू. पण त्याहून जास्त, मला त्याची बायको राहायचंय. ही दोन्ही एकदम मिळतील असं तो म्हणतो. आजवर त्यानं म्हटलेलं झालं आहे.

२९ एप्रिल

झालं. नोंदणी कार्यालयातल्या मुलीनं च्युइंगगम चघळत पासपोर्टात शिक्का मारला. बाहेर येऊन व्हेन्यानं मला क्रीमची पेस्ट्री खाऊ घातली. अठ्ठावीस वर्षांपूर्वी लग्नाच्या दिवशीही हीच घातली होती. आम्ही दोघं हसलो.

अंगठी उजव्या हातातून काढून डाव्या हातात घालायची, म्हणजे लोकांना कळतं. विधवा आणि सोडलेल्या बायका डाव्या हातात घालतात. घरी आले की मी परत उजवीकडे घालते. व्हेन्यानं त्याची काढूनच ठेवली. आता तो शहरातल्या सरकारी सदनिकेत राहणार, देखाव्यासाठी, आणि शनिवारी अंधार पडल्यावर माझ्याकडे येणार. स्वतःच्याच नवऱ्याची चोरून वाट बघायची. चोपन्नाव्या वर्षी हा एक नवीनच खेळ.

९ मे

सोस्नोव्कात बटाटे लावले. काहीही होवो, मे महिन्याच्या सुट्टीत आईकडे बटाटे लावायला जायचं, हे व्हेन्या उपगव्हर्नर झाला तरी चुकत नाही. जुनी पँट, रबरी बूट, हातात कुदळ. असा तो मला सगळ्यांत आवडतो.

रस्ता गेला. खरंच गेला. बर्फ वितळलं तसं डांबरही चकत्या चकत्या होऊन खड्ड्यात वाहून गेलं. पावाची गाडी आठवड्यातून एकदा येते, वाटेत अडकते. व्हेन्या म्हणाला, पुन्हा निविदा काढू.

ग्लेब तिखोनोविचही आला होता, शिगेवर भाजायचं मांस घेऊन. जेवताना तो आणि व्हेन्या पुढच्या पुलाबद्दल बोलत होते, घराबद्दल बोलत होते, कोणतं काम कशाच्या बदल्यात वगैरे. मी डोळ्यांनी सासूबाईंकडे खूण केली. व्हेन्या हसला. "बोल रे हवं ते. आईला समोर तोफ उडाली तरी ऐकू येत नाही." सासूबाई ग्लेबच्या ताटात खारवलेल्या काकड्या वाढत होत्या. दुसऱ्यांदा वाढल्या, तिसऱ्यांदा मात्र बरणी उचलून नेली.

मग त्यांनी व्हेन्याचा हात धरून बघितला. बोटावर अंगठीच्या जागी पांढरा पट्टा.

"अंगठी?"

"ऑफिसात राहिली, आई," तो ओरडला.

घटस्फोटाचं आम्ही त्यांना सांगितलेलं नाही. त्यांच्या घरात जास्तीचा एकच पलंग, तोही आमच्या लग्नातला, अरुंद. व्हेन्या नेहमीसारखा भिंतीकडच्या बाजूला झोपला. तिकडे चुलीची ऊब येते, आणि त्याला लहानपणापासून पडायची भीती. मी कडेला. पाठ दुखतेय, पण अशी झोप मला त्या हवेलीत एकदाही लागली नाही.

१७ सप्टेंबर

व्हेन्याच्या कचेरीतली मिलेना आली होती. वर्तमानपत्रवाल्यांना त्याची निवेदनं तीच देते. तिशीतली, नीटनेटकी, बोलायला मृदू. त्याचा हिवाळी कोट आणि लोकरीचे पायमोजे न्यायला आली. गेले तीन शनिवार त्याला वेळ झाला नाही, मॉस्कोच्या खेपा चालू आहेत.

मला ती मुलगी आवडली. त्याच्या पोटाची काळजी करत होती. "रिम्मा लव्होव्ना, त्यांना तळलेलं सोसत नाही, मग तुम्ही कटलेट कसे करता?" म्हटलं ये स्वयंपाकघरात. वाफेवरचे कटलेट शिकवले, दुधातली लापशी शिकवली, कोबीचं सूप दुसऱ्या दिवशी गरम करून द्यायचं हे सांगितलं. ऑफिसच्या डब्यासाठी शिकते आहे म्हणाली. हल्लीच्या मुली साहेबासाठी एवढं करत नाहीत.

थंडी तिला फार वाजत असावी. उजवा हात सगळा वेळ जॅकेटच्या खिशात. कप डाव्या हातानं धरला, गाजरसुद्धा डाव्यानं किसायला गेली आणि वाडगंच कलंडलं. डावखुरी असूनही हात वळत नाही बिचारीचा. जाताना तिला रास्पबेरीच्या मुरंब्याची बरणी दिली.

१४ नोव्हेंबर

गव्हर्नर बदलले. व्हेन्या नाही. मॉस्कोनं कोणीतरी चाळिशीचा, चष्मेवाला पाठवलाय. त्याला सोस्नोव्का नकाशात सापडणार नाही.

फोन केला, तर व्हेन्या म्हणाला, "या नंबरवर करू नकोस."

"मग कुठल्या?"

"मी करीन."

केला नाही.

२१ जानेवारी

आले. सकाळी उजाडायच्या आत बेल वाजली. तोंडं झाकलेली माणसं, मागे तपास अधिकारी. मी झोपेतून उठलेली, अंगावर गाऊन. का कोण जाणे, मला पहिली चीड आली ती त्यांच्या बुटांची.

"पायातलं काढा. फरशी गरम आहे, पाय गारठणार नाहीत."

"बाई, झडती आहे ही."

"झडती सपाता घालूनही घेता येते."

तपास अधिकारी तरुण होता, घरी आईनं वळण लावलेला. त्यानं बूट काढले आणि व्हेन्याच्या चौकड्याच्या सपाता घातल्या. दिवसभर त्या फटक फटक वाजत होत्या. त्याच वेळी शहरात व्हेन्याला सदनिकेतून नेलं, हे मला त्यांच्याच बोलण्यातून कळलं.

संध्याकाळी टीव्हीवर माझं घर. 'उपगव्हर्नर द्रोबिशेव यांच्या माजी पत्नीचा महाल.' माझ्या लोणच्यांच्या बरण्यासुद्धा दाखवल्या. ज्या शेजारणीनं कालच माझ्याकडून यीस्ट नेलं, ती कॅमेऱ्याला सांगत होती की आम्हांला आधीपासून संशय होता. आणि 'माजी'. तो शब्द बाईनं किती सहज म्हटला. मी टीव्हीसमोर बसून अंगठी उजव्या हातात घातली. कोण बघतंय.

११ फेब्रुवारी

कैद्याला सामान द्यायची खिडकी एवढी खाली केली आहे की वाकूनच बोलावं लागतं. तेच हवं असणार त्यांना. माझ्या पिशवीत काळा पाव, लसूण, चहा, लोकरीचे कपडे, वाळवलेली सफरचंदं. सकाळपासून रांगेत होते. बायका एकमेकींना जागा धरत होत्या, थर्मासमधला चहा देत होत्या. मी त्यांच्यातलीच एक, याचं मला बरं वाटत होतं, कमाल आहे.

खिडकीतल्या बाईनं नाव बघितलं आणि पिशवी मागे ढकलली. "द्रोबिशेवचं या महिन्याचं वजन भरलं. एका कैद्याला महिन्याला ठरलेलंच घेतो."

"मी तर पहिल्यांदाच आणलंय."

"बायकोनं दिलं. सोमवारी."

"मी त्याची बायको आहे."

"पासपोर्ट." तिनं पानं उलटली. कंटाळलेली होती, दुष्ट नव्हती. "तुम्ही नाही. एप्रिलमध्ये सुटलात की तुम्ही. बायको मिलेना कुणीतरी आहे, ऑगस्टपासून. पुढच्या."

पुढची पुढे आली.

१२ फेब्रुवारी

ऑगस्टपासून. म्हणजे मी तिला कटलेट शिकवत होते तेव्हा तिच्या खिशातल्या हातात अंगठी होती. दुधातली लापशीही मीच शिकवली. मुरंबाही दिला.

५ मार्च

व्हेन्याचा वकील यास्नोव आला. चांगला कोट, चांगले दात. मी त्याला चहा दिला नाही.

"लग्नाचं मनावर घेऊ नका," तो म्हणाला. "उमेदवाराला फोटोत बायको लागते. आणि तिच्या नावावर काही नाही. पाटी कोरी. राजकारणात अशी बायको लागते."

"म्हणजे मी मळलेली."

"तुम्ही म्हणजे, कसं सांगू, तुमच्या नावावर घर आहे." मग तो मुद्द्यावर आला. घर ग्लेबनं साहेबाच्या बायकोला दिलं असेल तर लाच ठरते. पण साहेबापासून वेगळ्या राहणाऱ्या बाईला, प्रेमापोटी दिलं असेल तर ती खासगी भेट. "तुमचे आणि ग्लेब तिखोनोविचचे आधीपासून संबंध होते, म्हणूनच साहेबांनी तुम्हांला सोडलं. एवढं कोर्टात म्हणा. मग ना घेणारा गुन्हेगार, ना देणारा. घर तुमचं तुमच्याकडे."

मला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा मी हसले. इतकी की तो उठून उभा राहिला.

"हे सुचलं कुणाला?"

तो टेबलावरचे पावाचे कण वेचू लागला. "साहेबांना."

९ मार्च

ग्लेब तिखोनोविच स्वतः आला. काल बायकांचा सण झाला, त्यातली उरलेली ट्यूलिपची फुलं घेऊन. दारातच उभा, आत ये म्हटलं तरी येईना.

"रिम्मा लव्होव्ना, मलाही काही हौस नाही हो. माझ्या बायकोनं दोन दिवस जेवण दिलेलं नाही."

"तिला काय सांगितलंस?"

"की हे कायद्यापुरतं आहे. ती म्हणते, कायद्यापुरतं असेल तर कांदे तू सोल." त्यानं टोपी पिळली. "आपलं जुळलं कुठे, म्हणून विचारतील. नाटकगृहात म्हणू का?"

"तू आयुष्यात नाटक पाहिलं आहेस का?"

"सर्कस पाहिली आहे."

तर अशी माझी लफडी. आयुष्यात एका पुरुषाशिवाय कुणाकडे बघितलं नाही, आणि त्याच पुरुषानं माझ्यासाठी निवडला तो हा.

२ जून

ठरवलं. म्हणेन.

स्वतःला खोटं सांगून उपयोग नाही. घर जाईल याची भीती आहे. शाळेनं आधीच काढलंय, जाऊ कुठे. पण खरं कारण वेगळंच आहे आणि ते लिहायची लाज वाटते. तो सुटेल, तेव्हा त्याला कळेल की कुणी सोडवलं. मिलेनाचं काय, वारा फिरेल तशी ती फिरेल. माणूस शेवटी येतो कुठे? जिथे त्याची झोपायची बाजू ठरलेली असते तिथे.

सासूबाईंना सांगायला सोस्नोव्काला गेले. शेवटचा टप्पा चिखलातून चालत. सगळं ओरडून सांगितलं, घटस्फोट, मिलेना, ग्लेबचं सोंग. शेजारच्या कोंबड्यांनाही कळलं असेल.

"म्हणजे तू सगळ्या प्रांतासमोर म्हणणार की तू त्या कांदेवाल्याची होतीस."

"त्यानं व्हेन्या सुटेल, आई."

"काय?" त्या म्हणाल्या. कान गेलेच पुरते. मी पुन्हा ओरडले, पण त्या उठून कोबीला पाणी घालायला गेल्या होत्या.

२७ जून

कोर्ट. व्हेन्या आरोपीच्या काचेच्या पेटीत, पांढरा पडलेला, तरी दाढी केलेली. माझ्याकडे बघून त्यानं मान हलवली. अटकेनंतर पहिल्यांदाच बघितलं. पहिल्या बाकावर मिलेना, उजवा हात मांडीवर उघडा.

यास्नोवनं सासूबाईंना बोलावलं होतं. डोक्याला पांढरा रुमाल बांधलेली खेड्यातली आई, आमचा मुलगा किती गुणी वगैरे, न्यायाधीश विरघळतील म्हणून. त्यांच्यानंतर मी, मग ग्लेब.

न्यायाधीश बाईंनी सांगितलं, "आजी, हा तुमचा मुलगा आहे. त्याच्याविरुद्ध जाईल असं काही बोलायची तुमच्यावर सक्ती नाही. गप्प राहायचा तुम्हांला हक्क आहे. कळलं का?"

सासूबाईंनी कानामागे हात धरला. बाईंनी तेच पुन्हा मोठ्यानं सांगितलं.

"कळलं गं बाई. विचार तू."

ऐकूच आलं नव्हतं म्हातारीला. नाहीतर पुढचं झालं नसतं. यास्नोवचे गोड प्रश्न संपले आणि सरकारी वकील उठला.

"तुमची सून तुमच्याकडे यायची का?"

"न येऊन कसं चालेल? मेमध्ये बटाटे कोण लावणार, तू?"

लोक हसले. "घटस्फोटानंतरच्या मेमध्येही?"

"आली होती. नवऱ्याबरोबर."

"वेगवेगळे राहिले असतील."

"माझ्या घरात जास्तीचा पलंग एक. चुलीजवळचा. दोघं त्यावर झोपली, जशी लग्न झाल्यापासून झोपतात."

व्हेन्या काचेवर हात आपटत होता. सरकारी वकिलानं ग्लेबकडे बोट दाखवलं. "आणि हे गृहस्थ? यांचे आणि तुमच्या सुनेचे संबंध होते म्हणतात."

"हा?" सासूबाई वळून त्याच्याकडे नीट बघत राहिल्या. "हा तिच्याकडे मान वर करून बघतसुद्धा नव्हता. माझ्या काकड्या खात होता आणि माझ्या पोराला म्हणत होता, नदीचं घर बायकोच्या नावावर राहू दे, त्याच्या बदल्यात मला पूल दे. पोरगा म्हणाला, देतो. आधी आमचा रस्ता खाल्ला, आता पूल." मग न्यायाधीशांकडे बघून म्हणाल्या, "माझी सून शिक्षिका आहे. तिचं नाव घाण करू नका कुणी."

हे सगळं त्यांना कसं कळलं कोण जाणे. ओठ वाचत असाव्यात. आणि जे कळलं त्याचा परिणाम काय होईल, एवढं मात्र कळू नये. स्वतःच्या पोराला स्वतःच्या तोंडानं आत घातलं, निव्वळ भाबडेपणानं.

मग माझं नाव पुकारलं. वाक्य माझं पाठ होतं: माझे आणि ग्लेब तिखोनोविचचे. तोंडात आलंही होतं. व्हेन्या काचेला टेकून ओठांनी सांगत होता, बोल, बोल. रिमोच्का म्हणत होता, इतक्या लांबूनही मला दिसलं. सासूबाई खाली बसून पिशवीतून रुमाल शोधत होत्या, त्यांना काही सापडत नव्हतं.

"साक्षीदारानं मघाशी पलंगाबद्दल सांगितलं, ते खरं आहे?" सरकारी वकिलानं विचारलं.

"खरं आहे," मी म्हटलं. "पलंग अरुंद आहे. तो भिंतीकडे झोपतो."

बाहेर कॉरिडॉरमध्ये त्याला नेताना तो ओरडला, "आई, तुला काही कळतं का तू काय केलंस?"

"काय म्हणतो गं?" सासूबाईंनी मला विचारलं.

"काही नाही, आई."

१८ जुलै

आठ वर्षं. घर जप्त. ग्लेबलाही तीन, त्याच्या बायकोनं पहिल्याच आठवड्यात टरबूज नेऊन दिलं म्हणे. मिलेनानं निकालाच्या तिसऱ्या दिवशी घटस्फोटाचा अर्ज टाकला आणि आता ती नव्या गव्हर्नरांची निवेदनं देते. पाटी पुन्हा कोरी.

मी सोस्नोव्कात. त्या पलंगावर मधोमध झोपायचा प्रयत्न करते. जमत नाही, जाग येते तेव्हा मी कडेलाच असते.

१५ सप्टेंबर

बटाटे काढले. दोन बायका आणि एवढा मळा, कंबर मोडली. मी वाफ्याच्या पार टोकाला वाकून स्वतःशीच पुटपुटले की या वर्षी कीड लागलीय. तर अर्ध्या मळ्यापलीकडून सासूबाई म्हणाल्या, "कीड नाही ती, कुदळीचा घाव आहे. सांभाळून मार." वारा माझ्याकडून त्यांच्याकडे असावा.

संध्याकाळी विचारलंच. कानाशी जाऊन, मोठ्यानं. "आई, कोर्टात तुम्हांला माहीत होतं का, तुमच्या बोलण्यानं तो आत जाईल?"

त्या बराच वेळ बटाट्यांची माती पुसत राहिल्या. डोळ्यांतून पाणी येत होतं, वयामुळे हल्ली येतंच. "मोठे एका बाजूला काढ," त्या म्हणाल्या. "त्याला लहान आवडत नाहीत."

मग त्यांनी पोतं भरायला घेतलं. उकडून वाळवलेले बटाटे, खारवलेली चरबी, लसूण, त्यांनी विणलेले पायमोजे. माझी अंगठी बोटं सुजली म्हणून मी काढली होती, ती त्यांनी देवाच्या तसबिरीमागे ठेवली आणि मला गाडीभाडं दिलं.

१७ सप्टेंबर

त्याचं अपील बाकी आहे, म्हणून तो अजून इथल्याच तुरुंगात. तीच खिडकी, वाकून बोलायची. बाईही तीच. तिनं मला ओळखलं असावं, कारण विचारायच्या आधीच म्हणाली, "वजन सगळं शिल्लक आहे. जुलैपासून कोणी काही आणलेलं नाही."

पोतं काठापर्यंत उचलून धरलं. तिनं पेन काढलं. "कैद्याशी नातं?"

माझ्यामागची बाई बाळाला झोके देत होती. मी विचार करायला थांबले, तशी खिडकीतली बाई पेनानं टेबलावर टकटक करायला लागली. "आई, बहीण, बायको? रांग आहे, बाई."

"त्याच्या आईची सून," मी म्हटलं.

"म्हणजे बायको."

"नाही."

तिनं एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा पासपोर्टातल्या शिक्क्याकडे, काहीतरी लिहिलं आणि पोतं काट्यावर ठेवायला सांगितलं.